कडी कोणती लावली?

परभणी जिल्ह्यातल्या सेलूत कुणाच्या अंगणात चार तलंगा आल्या, की सांजेपर्यंत खुराडेतज्ज्ञ हजर. बहुधा निवृत्त, खिशात मोजपट्टी. कोंबड्या गिरिराज की वनराज, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. "खुराडं कुठंय? का मुंगसाला पाव्हणचार करायलास?"

मग तपासणी. षटकोनी छिद्रांची जाळी तो बोटानं ओढून बघतो. "ही कोंबडी आत ठेवती, कुत्रं बाहेर नाही ठेवत." आणि माणूस कितीही कटकट्या असला तरी इथं त्याचं खरं आहे, ती पातळ तार कुत्रं दातानं फाडतं. त्याला हवी अर्धा इंची, वेल्डिंगची चौकोनी जाळी, तीही फूटभर जमिनीत गाडलेली, कारण मुंगूस उकरून आत शिरतं. त्यात सेलूची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून खाली कोबा कराच, असा हुकूम. सगळं बुजवायला निघालेल्या मालकाला मात्र तोच थांबवतो. मे महिन्यात पारा 42च्या वर जातो. पत्र्याच्या बंद पेटीत कोंबडीला मारायला मुंगूस लागत नाही. वरच्या अंगाला जाळी हवीच.

दार म्हणजे त्याचा जीव की प्राण. एक कडी कुत्र्याच्या धडकेनं उडते, म्हणून दोन. त्या रोज लावायच्या कुणी, यावर घरात भांडण होतं, तोवर हा पुढच्या गल्लीत गेलेला असतो.

काही दगावलं की पंचनाम्याला तोच. टरफलं पडलीत? मुंगूस. अंडं टरफलासकट गायब? साप. सांडलेल्या दाण्याला उंदीर येतो, उंदरामागं साप, म्हणून रात्री खाद्याचं भांडं उचलायचं, हे तो ज्याच्या दाराला कोंबडी नाही त्यालाही सांगतो. त्याला गप्प करते ती फक्त घरातली म्हातारी: "आमच्या डालग्याला कडीच नव्हती बाबा. वर धोंडा ठेवायचो."

जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या, बर्ड फ्लूचं निदान झालं आणि 1 किलोमीटरच्या परिसरातले पक्षी नष्ट करायचा आदेश निघाला. जिल्हा हादरला. तज्ज्ञाचा पहिला प्रश्न, "जाळी कितीची होती?" रोग रानपाखरांच्या विष्ठेतूनही येतो, असं कुणीतरी समजावलं. त्यानं मान वर करून आभाळाकडं बघितलं, मोजपट्टी काढली आणि म्हणाला, "मंग वरून ताडपत्री घ्या. दोन्हीकडून दोन फूट जास्तीची."