पर्समध्ये पावणेतीन कोटी

मुंबई इंडियन्सचे एक मालक मुंबईत राहतात, दुसरे किनवटला. दुसऱ्यांचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. नांदेड जिल्ह्यात पानटपरीवाल्यापासून तलाठ्यापर्यंत कोणालाही ‘मालक’ म्हणायची रीत असल्यामुळे परक्या माणसाच्या हे लवकर लक्षात येत नाही. आमच्या मालकांनी मात्र ती पदवी मनावर घेतलेली आहे. ते संघाबद्दल बोलतात ते ‘आपण’ लावूनच. आपण बुमराला 18 कोटीत ठेवलं, ते बरोबर केलं. आपण ईशान किशनला जाऊ दिलं, ते चुकलं. आपण तेव्हा हात कामून खाली घेतला? असं विचारून ते समोरच्याकडे अशा नजरेनं बघतात, की बोलीचा तो हात आपलाच होता की काय अशी त्याला शंका यावी.

खेळावर त्यांचं फार प्रेम आहे असं मला वाटत नाही. मॅच बघायची पोरांनी. साडेतीन तासांत ती संपते आणि तिचा निकालही लागतो. मालकांना निकाल लागणारी गोष्ट आवडत नाही. त्यांचा खरा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरचा. रिटेन्शन, ट्रेड, लिलाव. नेमका तेव्हाच तालुक्यात कापूस निघत असतो आणि दुकानाची वसुलीही तेव्हाच असते. उधारी फेडायला आलेला शेतकरी नोटा मोजून हातात धरून उभा असतो आणि मालक त्याला सांगत असतात, की 25 जणांच्या संघात परदेशी आठच घेता येतात, त्यातले मैदानात चारच, मग उरलेल्या चौघांवर पैसा कशाला अडकवायचा? शेतकरी मान डोलावतो. त्याला पावती पाहिजे असते.

2024 साली विधानसभेचा निकाल 23 नोव्हेंबरला, शनिवारी लागला. राज्यभर पुढचा आठवडाभर तोच विषय चालला. गोकुंद्याच्या रस्त्यावरच्या हॉटेलात तो रविवारी दुपारपर्यंत टिकला, कारण दुपारनंतर जेद्दाहचा लिलाव सुरू झाला. श्रेयस अय्यर पावणेसत्तावीस कोटीला गेला, तोवरचा सगळ्यात महाग. लोक तोंडात बोट घालतात न घालतात तोच ऋषभ पंत 27 कोटीला. ‘लखनौवाल्यांच्या घरी विचारणारं कोणी हाये का नाही?’ मालक म्हणाले. पैसा लखनौचा, पण जीव त्यांचा तुटत होता.

हार्दिक पंड्याच्या प्रकरणात तर त्यांच्या घरातच दोन पार्ट्या पडल्या. 26 नोव्हेंबर 2023. संध्याकाळी गुजरातनं राखलेल्यांची यादी आली, तीत हार्दिकचं नाव. रात्री बातमी, की तो मुंबईला निघाला, रोख 15 कोटीत. त्याच्यासाठी जागा करायला साडेसतरा कोटींचा कॅमेरून ग्रीन बंगळुरूला दिला. थोरला मुलगा रोहितचा भक्त. कप्तानी हार्दिकला दिल्याचं कळल्यावर त्यानं दुकानात बसणंच सोडलं. मालक शांत होते. साडेसतराचा देऊन पंधराचा आणला, अडीच कोटी वाचले. त्या मोसमात मुंबई 14 पैकी चार सामने जिंकून दहाव्या, म्हणजे तळाच्या नंबरावर आली. मालकांच्या हिशेबात अडीच कोटी तरीही शिल्लकच होते. त्यात नांदेड जिल्ह्यात संघबदलाचं कोणाला नवल राहिलेलं नाही. त्याच मोसमाआधी, फेब्रुवारी 2024मध्ये, अशोक चव्हाण काँग्रेसमधून भाजपमध्ये गेले, तेव्हा जिल्हा हादरला होता. मालकांनी एकच प्रश्न विचारला, ‘बदल्यात तिकडून कोण आलं?’ कोणीच नाही म्हटल्यावर त्यांनी त्या व्यवहारात रस घेतला नाही.

त्यांचे जन्माचे विरोधक म्हणजे मोटार पार्टवाले अण्णा. किनवटहून आदिलाबाद जवळ, नांदेड लांब आणि मुंबई तर नंदिग्राम एक्स्प्रेसमध्ये रात्र काढल्याशिवाय येत नाही. त्यामुळे बाजारातले निम्मे लोक हैदराबादी. अण्णा फार बोलत नाहीत. मालकांचं पाऊण तास भाषण होऊ देतात आणि शेवटी नुसता आकडा सांगतात: ‘दोनशे सत्त्याहत्तर.’ मार्च 2024मध्ये सनरायझर्सनी मुंबईला तेवढे हाणले होते. पुढच्या मोसमासाठी मालकांनी हात खाली घेतलेला ईशान किशन सव्वाअकरा कोटीत हैदराबादला गेला आणि पहिल्याच सामन्यात शतक करून नाबाद राहिला. अण्णा दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन मालकांना पेढा देऊन गेले. मालकांनी तो खाल्ला, आणि मग सव्वाअकरा जास्तच झाले हे पटवून देण्यात दुपार घालवली.

कट्ट्यावर नियमांचा वाद निघाला की निवृत्त गुरुजींकडे जातो. धोनीला चेन्नईनं 4 कोटीत ‘अनकॅप्ड’ म्हणून ठेवलं, कारण पाच वर्षं देशाकडून न खेळलेला माणूस नवखा धरायचा, असा नियम झाला. दोन विश्वचषकांचा धनी आणि नवखा? मालकांना ते काही केल्या पचेना. गुरुजींना लगेच पचलं. 2023मध्ये सरकारनं निवृत्त शिक्षकांना 20 हजार मानधनावर पुन्हा झेडपीच्या शाळेत घ्यायचं ठरवलं, तेव्हापासून त्यांना असल्या गोष्टींचं काही वाटत नाही. ‘फळा तोच, पोरं तीच, फक्त पगार नवख्याचा,’ गुरुजी म्हणाले.

लिलावाच्या पद्धतीवर मात्र मालकांचा मूलभूत आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. त्यांच्या मते ही माणसं खरेदी करायला शिकलेलीच नाहीत. माळेगावच्या यात्रेत लालकंधारी गोऱ्ह्याचा सौदा कसा होतो? रुमालाखाली हात, बोटं दाबून भाव, शेजारी उभ्या भावाला कळत नाही. आधी दात बघायचे, चालवून बघायचं, औताला जुंपून बघायचं. आणि हे? सगळ्यांसमोर हात वर करतात! मग दुसरा चढवणारच. ‘एकदा आणा त्यांना माळेगावला, निम्म्या पैशात टीम उभी करून देतो.’ 2022मध्ये तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला चेन्नईनं दीड कोटीत नेलं, तेव्हा ते पंधरा दिवस धुमसत होते. मराठवाड्याचं पोरगं, आई भवानीच्या गावचं, आणि आपल्या हातून गेलं! पुढच्या वर्षी आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात त्यानं तीन गडी घेतले. मालक अण्णांवर चिडले. अण्णांचा यात काहीच संबंध नव्हता.

डिसेंबर 2025चा अबू धाबीचा लिलाव मालकांना जड गेला. कोलकात्याकडे 64 कोटी 30 लाख, आणि आपल्याकडे? पावणेतीन कोटी. दहा संघांत सगळ्यात कमी. ग्रीनसाठी बोली चालली होती, तो सव्वापंचवीसच्या घरात पोचला, आणि मालक हात बांधून बसले होते. अण्णांनी चौकशी केली, ‘उसने पाहिजेत का?’ एवढ्यात क्विंटन डिकॉक आला. 2019 आणि 2020चे दोन्ही करंडक आपल्यासोबत जिंकलेला, घरचा माणूस, आणि मूळ भावात, 1 कोटीला! मालक ताठ झाले. कागदावर पावणेदोन उरले. मग 30 लाखात दानिश मालेवार. नागपूरचा, म्हणजे पैनगंगेपलीकडचाच.

‘बघा,’ मालक म्हणाले, ‘याला म्हणतात खरेदी. पोरगं हिरा हाये.’

गुरुजींनी चष्मा वर केला. ‘मालक, त्याची बॅटिंग कधी बघितलात का?’

‘बॅटिंग काय बघायची गुरुजी? 30 लाखात बसायलाय का नाही, ते बघा.’