गोडसे भटजींचे आप्त

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत मिळून असे एक तरी गृहस्थ असतातच. तुमची त्यांची गाठ अजून पडली नसेल, तर तुमचे मूळ गाव तिकडचे नसावे. साठी उलटलेली, खांद्याला शबनम, शबनममध्ये सुरळी केलेला कागद, आणि त्या कागदावर वरसईच्या विष्णुभट गोडशांचा वंशविस्तार. ओळख होताच ते तुमचे आजोळ विचारतात, मग आजीचे माहेर, आणि चहा येईपर्यंत निकाल लागलेला असतो : ‘म्हणजे तुम्ही आमचेच!’ या निकालावर अपील नाही. आडनाव जुळले नाही तर आत्या मदतीला येते, आत्या नसेल तर शेजार. बादरायण संबंध हा शब्द इतरांसाठी थट्टेचा. यांच्या कागदावर त्याला वेगळी शाई आहे. रोह्यात पाऊल टाकले की त्यांना सी. डी. देशमुख आठवतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर वरसईच्या भिक्षुकाचे कोण लागणार? जातही आड येते. पण बाळगंगा आणि कुंडलिका एकाच जिल्ह्यातून वाहतात, एवढा पुरावा त्यांना पुरतो. आमचेच!

आता त्यांचे मूळपुरुष. कर्ज फेडायचे म्हणून १८५७ साली विष्णुभट आपले काका रामभट यांच्याबरोबर उत्तरेला निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी बातमी होती. दक्षिणेऐवजी बंड पदरात पडले. झाशीचा वेढा आणि पाडाव त्यांनी शहरात राहून पाहिला, मिळवलेले वाटेत लुटले गेले, आणि अखेर आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावरून घेऊन ते वरसईला परतले. ही हकिकत त्यांनी पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहिली. वैद्यांनी ती काटछाट करून १९०७ मध्ये छापली, तेव्हा लेखक हयात नव्हते. मूळ बरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनी काढली, तीही १९६६ मध्ये. म्हणजे खुद्द ग्रंथालाच आपले खरे रूप दाखवायला साठेक वर्षे वाट पाहावी लागली, तिथे पुतण्या-पणतवंडांचा माग लागायला वेळ लागला तर नवल नाही. कोणी म्हणेल, ही रोजनिशी नव्हे, म्हातारपणाकडे झुकताना लिहिलेल्या आठवणी. तिच्यातल्या माणसांवर दप्तर धुंडाळण्याइतका विश्वास का टाकावा? उत्तर याच आक्षेपात आहे. आठवण बेभरवशाची असते म्हणूनच ती ताडून पाहायला दुसरा कागद लागतो, आणि तो कागद बहुधा नात्यातल्या माणसाच्या घरी असतो.

कागद मात्र माणसे सहजी सापडू देत नाहीत. १८६९ मध्ये कुलाबा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधीच्या कारभारासाठी ठाण्याकडे वळावे लागते, आणि १९८१ पासून कुलाब्याचा रायगड झालेला. जुन्या नोंदीत आडनाव असेलच असे नाही. ‘अमुक बिन तमुक’ एवढ्यावर माणूस संपतो. त्यात नातवाला आजोबांचे नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळे तीच दोन-तीन नावे पिढ्यानपिढ्या आळीपाळीने येतात, आणि आजोबाने काढलेले कर्ज नातवाने काढल्यासारखे वाटते. गाव सोडलेली शाखा वरसईकर म्हणवून घेणार, गावातली गोडसेच राहणार. बायकांचे तर विचारूच नका. लग्नात नाव बदलले की मुलगी माहेरच्या कागदातून पुसली जाते आणि सासरच्या कागदात कोणाची तरी बायको म्हणून उगवते. गृहस्थांच्या त्या ‘आजीचे माहेर कुठले?’ला इथे पहिल्यांदा किंमत येते. सरकारी दप्तराने न विचारलेला प्रश्न ते ओटीवर बसून विचारत असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूसोबत त्याचे भाऊ, चुलते, मुलगे यांचीही नावे सापडतात, म्हणून हे त्या वह्यांपुढे तासन्‌तास बसतात. दत्तकाच्या बाबतीत तर ते डलहौसीपेक्षा उदार आहेत. दामोदररावाचे दत्तकविधान नाकारून कंपनी सरकारने १८५४ मध्ये झाशी खालसा केली. आमचे गृहस्थ दत्तकाला तुटक रेघ देतात, पण कागदाबाहेर काढत नाहीत.

हा सगळा कुळाचा मोठेपणा मिरवण्याचा उद्योग आहे, हा आक्षेप अर्धा खरा आहे. वंशवृक्षात भिक्षुक दिसतो, त्याचे शेत कसणारे कूळ दिसत नाही. पेणच्या खारेपाटातला आगरी आणि डोंगराकडेचा कातकरी तर मुळीच नाही. पण जे दप्तर भटजींचा पुतण्या शोधायला उघडावे, त्याच फेरफाराच्या पानावर कुळाचेही नाव असते, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर बहुधा मालक म्हणून. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला, कोतवाल बुकांवरची धूळ झटकली गेली. काल ज्यांना लोक रिकामटेकडे म्हणत, त्यांच्याच दारात लोक रांग लावून उभे राहिले. आणखी एक गोष्ट. विष्णुभट तरी दुसरे काय करत होते? परमुलखात कोकणातला, निदान दक्षिणी, ब्राह्मण कुठे राहतो याची चौकशी, त्याच्या ओळखीने पुढचा मुक्काम, त्याच्या शब्दावर राजवाड्यात प्रवेश. बिठूरला पेशवे, झाशीला नेवाळकर, ग्वाल्हेरीला शिंदे : सगळा प्रवास ‘तुम्ही कुठले, कोणाचे?’ या प्रश्नाच्या आधाराने झाला. बंडाच्या धामधुमीत ‘तुम्ही आमचेच’ म्हणणारा भेटला म्हणून रात्री पाठ टेकायला जागा मिळाली. आज ओटीवर आपल्याला वैताग आणणारी खोड तेव्हा निर्वाहाचे साधन होती. तेव्हा वंशविस्तारात कोणाचे रक्त असो वा नसो, भटजींचा स्वभाव या गृहस्थांत नक्की उतरला आहे, हे नाइलाजाने का होईना मान्य करावे लागते.

घाईचे कारणही आहे. नवी मुंबईच्या तहानेसाठी घातलेल्या बाळगंगा धरणाच्या बुडीत क्षेत्रात वरसई येते. पुनर्वसनाचा घोळ वर्षानुवर्षे चालू आहे. मोबदल्याच्या यादीत घर, झाड, विहीर यांना दर असतो. माळ्यावरच्या फडक्यात बांधलेल्या पावत्यांना नसतो, आणि घर हलवताना सगळ्यात आधी त्याच टाकल्या जातात. पेण-रोह्याकडे तुमच्या घरी असे गाठोडे असेल तर ते रद्दीत घालण्यापूर्वी त्या गृहस्थांना बोलवा. दुपार वाया जाईल, चहा दोनदा करावा लागेल. पण त्या गाठोड्यातले मोडी वाचणारे दुसरे कोणी गावात उरलेले नाही.