घुमट आणि घसा

विजापूरशी मराठी माणसाची ओळख चौथीच्या इतिहासात होते आणि ती काही चांगल्या प्रसंगी होत नाही. विजापूरहून कोणीतरी फौज घेऊन निघालं की पुढच्या पानावर लढाई असायची. त्यामुळे सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवरच्या या गावात पहिल्यांदा उतरणारा माणूस जरा सावध असतो. इथे रिक्षा आहेत, शेंगाचटणी आहे, ज्वारीची कडक भाकरी आहे आणि कोणी विडा उचलत नाहीये, हे पटायला त्याला थोडा वेळ लागतो. गावाचं नाव २०१४ पासून सरकारी कागदांवर विजयपुरा झालं. आमच्या आत्याने ते मान्य केलेलं नाही.

आदिलशाहीची ही राजधानी १६८६ मध्ये औरंगजेबाने घेतली आणि तेव्हापासून ती पाहुण्यांना दाखवण्यासाठी मोकळी आहे. दाखवण्यासाठी म्हटलं खरं, पण विजापूर कानांनी बघायचं गाव आहे.

गोल घुमटच घ्या. महंमद आदिलशहाने स्वतःसाठी बांधवून घेतलेली ही कबर. तो १६५६ मध्ये वारला तेव्हा काम जेमतेम आटपत आलं होतं. बांधणारा याकूत हा दाभोळचा होता असं सांगतात. हे कळताच आमच्यातले कोकणवाले एक इंच उंच झाले आणि परतेपर्यंत उतरले नाहीत. बाहेरून ४४ मीटर व्यासाचा घुमट आणि खाली आधाराला एकही खांब नाही. कोपऱ्यांतल्या मनोऱ्यांमधून सात मजले चढून गेलं की घुमटाच्या आत, कडेकडेने फिरणारा सज्जा लागतो. इथे भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं तर समोरच्या टोकाला, सदतीस-अडतीस मीटरवर, स्पष्ट ऐकू येतं. टाळी वाजवली तर सात-आठ वेळा परत येते.

आता ज्या ठिकाणी कुजबुज पुरते, तिथे माणूस ओरडेल कशाला? पण सातवी ब च्या सहलीला हा प्रश्न पडत नाही. एक पोरगा "ओ" म्हणतो. घुमट दहा पोरांचं "ओ" परत करतो. उरलेली बावन्न पोरं त्याला उत्तर देतात. मग रखवालदार शिट्टी मारतो, आणि ती शिट्टीही सात-आठदा घुमते. तो कानडीत "गद्दल माडब्याड्री!" असं ओरडतो. गडबड करू नका, हा हुकूम इतक्या गडबडीने बजावला गेलेला मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

तेवढ्यात कोणीतरी शिवाजी महाराजांचा जयजयकार करतो. करणारच, मराठी माणूस आणि घुमणारी जागा एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? एकाने "जय" म्हटलं की घुमट ते इतक्यांदा म्हणतो की फौज आल्याचा भास होतो. खाली महंमद आदिलशहा निजलेला. याच्याच चाकरीत शहाजीराजे होते. दरबारात कधी कोणी उच्चारली नसेल ती घोषणा आता सुट्टीच्या दिवसांत त्याला दर पंधरा मिनिटांनी ऐकावी लागते.

एकत्र कुटुंबाने मात्र या सज्जात जपून राहावं. भिंतीला टेकून आत्या आईच्या कानात पुटपुटली, "वहिनीची साडी पाचशेच्या वरची नाही हो." समोरून, अडतीस मीटरवरून, भिंतीतून आवाज आला, "आठशेची आहे, आत्या." खाली उतरेपर्यंत सात मजले कोणी बोललं नाही. सातवी ब सोडून.

त्यामानाने इब्राहिम रोझा शांत आणि माझ्या मते जास्त देखणा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने ही कबर राणीसाठी बांधायला घेतली, पण १६२७ मध्ये आधी तोच गेला. खर्चाचा आकडा लेखात कोरून ठेवलाय: दीड लाख नऊशे होन. त्या दीड लाखापेक्षा मला वरचे नऊशे आवडले. सरकारी बांधकामाचा हिशेब सुट्ट्यासकट भिंतीवर लावलेला बघून आमच्या तात्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचायचा प्रयत्न केला. लेख फारसीत आहे, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

बारा कमान म्हणजे दुसऱ्या अली आदिलशहाची अपुरी कबर. बापाच्या घुमटावर आपल्या इमारतीची सावली पडावी, असा बेत होता म्हणतात. १६७२ मध्ये अली गेला आणि काम थांबलं, पुनर्विकासात अडकलेल्या सोसायटीसारखं. नुसत्या काळ्या कमानी उभ्या, वर आभाळ. बघून बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

शेवटी मलिक-ए-मैदान. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ही तोफ ५५ टनांची. तोंड सिंहाचं आणि त्याच्या जबड्यात हत्ती. परांड्याहून इथे आणताना दहा हत्ती आणि चारशे बैल लागले अशी आख्यायिका. बत्ती दिल्याबरोबर गोलंदाज शेजारच्या पाण्यात उडी मारायचा, कान फुटू नयेत म्हणून, हेही सांगतात. आम्ही सगळ्यांनी तिला टिचक्या मारून पाहिल्या. भर उन्हात गार लागते आणि घंटेसारखी वाजते.

१८५४ मध्ये इंग्रजांनी ती लिलावात काढली होती, दीडशे रुपयांपर्यंत बोली गेली आणि मग विक्री रद्द झाली, असं रिक्षावाल्याने सांगताच आमच्यात हळहळ पसरली.

"दीडशेत? पंचावन्न टन?" काका म्हणाले, "आपल्या कोणाला तेव्हा कसं सुचलं नाही?"

"ठेवली कुठे असती?" वहिनींनी विचारलं.

"पार्किंगमध्ये."

"चेअरमन देतील?"

"तोंड त्यांच्या खिडकीकडे करून ठेवायची. देतील."

तात्यांनी तोवर मनात हिशेब केला होता. "तोफ दीडशेची," ते म्हणाले, "पण चारशे बैलांची वैरण सोलापूरपर्यंत कोण भरणार? परवडत नाही." एवढं बोलून त्यांनी व्यवहार रद्द केला आणि रिक्षावाल्याला खानावळ विचारली.