लपायला अलिबाग

मुंबईच्या कटकटीला कंटाळून अलिबागला कायमची राहायला आलेली पहिली नामांकित मंडळी म्हणजे चुंबकाच्या सुया. कुलाब्याच्या वेधशाळेत त्या वर्षानुवर्षं पृथ्वीच्या चुंबकत्वाची नाडी बघत बसल्या होत्या. मग शहरात विजेवर चालणारी ट्राम आणायचं ठरलं आणि शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की त्या विजेने सुयांचं चित्त काही थाऱ्यावर राहायचं नाही. तेव्हा १९०४ मध्ये खाडीपलीकडे अलिबागला त्यांची नवी वेधशाळा उघडली. तिच्या बांधकामात लोखंड येऊ द्यायचं नाही, असा कडक दंडक होता. सुया तिथे स्थिरावल्या. ज्या ट्रामच्या धाकाने त्या आल्या ती ट्राम १९६४ मध्ये मुंबईतून गेली, पण सुयांनी परतीचं नाव काढलं नाही. अलिबागची हवा एकदा मानवली की असं होतं.

सिनेमावाल्यांना ही हवा कळायला बराच वेळ लागला. त्याचं कारण जुहू. त्या काळात त्यांचं अलिबाग जुहूलाच होतं. आज जुहू सर्कलच्या सिग्नलला खोळंबलेल्या माणसाला हे सांगितलं तर तो काच वर करून घेईल. पण जुहू हे मुंबईबाहेरचं, माडांच्या सावलीतलं गाव होतं आणि लोक तिथे शनिवार-रविवार हवापालटाला जात. १९२४ मध्ये तुरुंगवासातून सुटल्यावर गांधीजी प्रकृती सुधारायला जुहूला येऊन राहिले. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर पुन्हा आले, आणि त्या मुक्कामात त्यांना विजय भट्टांचा 'रामराज्य' दाखवण्यात आला. सीतेच्या भूमिकेत आपल्या शोभना समर्थ होत्या. ज्या माणसाने सिनेमाला जन्मभर चार हात लांब ठेवलं त्याला सिनेमाने गाठलं ते जुहूच्या किनाऱ्यावर. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात या प्रसंगाला जागा नसेल, पण जुहूच्या इतिहासात तो मला फार सूचक वाटतो. पुढे काय होणार, याची तिथल्या वाळूला तेव्हाच चाहूल लागली असावी.

झालंही तसंच. पृथ्वीराज कपूर उतारवयात जुहूच्या एका झोपडीवजा घरात येऊन राहिले. १९६२ च्या सुमारास वाळूला लागून सन-एन-सँड हॉटेल उभं राहिलं, त्याच्या पोहण्याच्या तलावाकाठी नायक-नायिका चहा पिऊ लागले, आणि ते कसे पितात हे बघायला बाकीचे जमू लागले. मग बंगले आले. बंगल्यांमागून इमारती आल्या आणि इमारतींमागून भेळवाले. आता तर तिथल्या एका बंगल्याच्या फाटकाशी दर रविवारी दर्शनाला रीतसर गर्दी होते आणि महानायक ओट्यावर येऊन हात हलवतात. लपायला गेलेल्या माणसाला दर्शनाची वेळ ठरवून द्यावी लागते, तेव्हा त्याने पुढची होडी बघावी हे उत्तम.

ही पुढची होडी सगळ्यात आधी ओळखली ती एका मराठी बाईने. दुर्गा खोटे उतारवयात अलिबागला राहायला आल्या. चांगल्या घरातल्या मुलीने सिनेमात जायचं नाही, अशा दिवसांत त्या सिनेमात गेल्या होत्या. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये त्या तारामती होत्या आणि 'मुघल-ए-आझम'मध्ये जोधाबाई. दोन्ही राण्याच. अशा बाईने उतारवयासाठी निवडलेलं गाव म्हणजे मासळी बाजार, जिल्हा न्यायालय आणि कान्होजी आंग्र्यांची समाधी एवढ्यावर भागवणारं. तिथे त्यांना कोणी जोधाबाई म्हणून बघायला येत असेल असं मला वाटत नाही. अलिबागकरांचा हा जुना गुण आहे. ज्या गावाने आंग्र्यांचं आरमार पाहिलं, ते एखाद्या नटासाठी हातातली सुरमईची तुकडी खाली ठेवणार नाही.

नट-नट्यांच्या आधीही मुंबईची खाऊनपिऊन सुखी कुटुंबं उन्हाळ्यात किहीमला येत. त्यांतच सलीम अली होते. १९३० मध्ये ते किहीमला राहिले ते मात्र चैन म्हणून नव्हे, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. रिकामा वेळ होता आणि घराजवळ सुगरणींची वसाहत होती. ते रोज बघत बसले, आणि त्या बघण्यातून निघालेल्या निबंधाने त्यांचं नाव पक्षिशास्त्रात पक्कं झालं. त्यांना दिसलं ते असं. घरटं नर बांधतो, पण पुरं बांधत नाही. अर्ध्यावर आलं की थांबतो आणि पंख फडफडवून जाहिरात करतो. मग माद्या येतात, आत शिरून ओढून-ताणून मजबुती बघतात. एखादीला पसंत पडलं की ती ताबा घेते. मग नर राहिलेलं काम घाईघाईने उरकतो आणि लगेच शेजारच्या फांदीवर दुसरं घरटं बांधायला घेतो. तेही अर्धंच. किहीमच्या रस्त्याला आज जे फलक लागलेत, समुद्राजवळ, हिरवाईत, ताबा लवकरच, ते वाचताना मला हा निबंध फार आठवतो. सलीम अलींनी सेकंड होमचा व्यवसाय नव्वद वर्षं आधी नोंदवून ठेवला होता, फक्त चोचीसकट.

आता खरे तारे. थळ, आवास, झिराड, मापगाव, सासवने ही नावं पूर्वी एसटीच्या पाटीवर आणि सात-बाऱ्यावर दिसत, आता ती सिनेमाच्या पानावर दिसतात. शाहरुख खानची थळची जागा सर्वांना ठाऊक. २०२१ मध्ये दीपिका आणि रणवीरने मापगावला घर घेतलं, त्याची किंमत बावीस कोटी असल्याचं छापून आलं. त्याच वर्षी जानेवारीत वरुण धवनचं लग्न सासवन्याला झालं. ते वाचून मला पहिल्यांदा आठवले ते शिल्पकार नानासाहेब करमरकर. पुण्यातला शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा करणारा हा माणूस मूळ सासवन्याचा, आणि गावातलं त्याचं घर आज संग्रहालय आहे. तिथल्या मूर्ती इतक्या जिवंत आहेत की आपणच जरा अवघडून उभे राहतो. लग्नाच्या दिवसांत अख्खा देश सासवन्याचं फाटक टिपायला धडपडत होता, आणि हे दुसरं फाटक उघडंच होतं.

फाटकांचं म्हणाल तर ताऱ्यांच्या अलिबागमध्ये बघण्यासारखं तेवढंच असतं. मांडव्याच्या धक्क्यावर उतरून मिनीडोरमध्ये बसलात की चालक न विचारता दर्शन सुरू करतो. "ते बघा काका, त्या माडांच्या मागं." आपण बघतो. चिऱ्याची उंच भिंत, वर बोगनवेल, त्यावर माडांचे शेंडे, कोपऱ्यात कॅमेरा आणि फाटकापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक राखणदार मोबाईलमध्ये सिनेमा बघतोय. मालकाचाच असावा. "येतात का कधी?" असं विचारलं तर चालक हसतो. "वर्षातनं दोनदा-तीनदा. बाकी वेळ आमचा मामेभाऊच राहतो ना. बागेचं काम बघतो." म्हणजे ताऱ्यांच्या घरात वर्षभर राहून समुद्राची हवा खाण्याचं कष्टाचं काम शेवटी अलिबागकरच करतो, वर पगारही घेतो. पळून जायच्या जागेचा इतका चोख उपयोग मालकाला कधी जमत नाही.

शिवाय जागा घ्यायची म्हणजे कूळकायदा आला. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. त्यामुळे अलिबागला उतरायचे मार्ग दोन: बिगरशेती प्लॉट घ्या, नाहीतर शेतकरी असल्याचा दाखला दाखवा. मला दुसरा मार्ग भारी आवडतो. पडद्यावर वीस वर्षं परदेशात नाचलेला माणूस तलाठ्यासमोर खाली मान घालून सात-बारा दाखवतो आहे, हे दृश्य कुठल्याही दिग्दर्शकाला सुचलेलं नाही. आणि आंब्याची चार कलमं आणि अलिबागचा पांढरा कांदा लावला की कागदावर पीकपाणीही बसतं. हा कांदा गोड असतो, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय, आणि अलिबागचा खरा तारा तोच, हे माझं खासगी मत आहे. तो वर्षातून एकदाच येतो, पण माळ घालून उघड्यावर टांगून घेतो.

गावाचं आणि ताऱ्यांचं भांडण फारसं होत नाही. एकदा झालं. २०१७ च्या नोव्हेंबरात वाढदिवस अलिबागला साजरा करून शाहरुख बोटीने गेटवेला परतला. धक्क्यावर चाहत्यांची झुंबड उडाली, आणि नेमके तेव्हाच अलिबागचे एक आमदार आपल्या बोटीने घरी निघाले होते. ते खोळंबले आणि त्यांनी भर धक्क्यावर ताऱ्याला खडसावलं. तुम्ही मोठे असाल, पण अलिबाग तुमच्या मालकीचं नाही, असा त्याचा आशय होता. सगळीकडे त्याची चित्रफीत फिरली. मला त्यात अन्याय दोघांवरही झालेला दिसतो. एकाला अलिबागहून येऊन उतरता येईना, दुसऱ्याला अलिबागला जाता येईना, आणि दोघांच्या मधे उभी होती ती मुंबई.

सिनेमाने अलिबाग तालुक्याला प्रसिद्धी दिली ती मुळात मांडव्यामुळे. 'अग्निपथ'मधल्या विजय दीनानाथ चौहानचं गाव मांडवा, हे देशभर पाठ झालं. २०१२ मध्ये तो सिनेमा पुन्हा निघाला तेव्हा मांडवा उभारला कुठे, तर दीवला. खऱ्या मांडव्यात तोवर इतक्या बोटी, गाड्या आणि वडापावच्या टपऱ्या झाल्या होत्या, की तो मांडव्यासारखा दिसत नसावा. आणि 'अलिबाग से आया है क्या?' हा तो जुना खवचट प्रश्न? त्यावर बंदी घाला म्हणून एक अलिबागकर उच्च न्यायालयात गेला होता. २०१९ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. आता गुंठ्याचा भाव सांगितला की विचारणाराच गप्प होतो, तेव्हा निकालाचं कोणाला फारसं वाईट वाटलेलं नाही.

पण लपायची ही जागा फार दिवस टिकेल असं दिसत नाही. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो गाडीसकट मांडव्याला सोडते, २०२४ मध्ये अटल सेतू झाला, आणि लाँग वीकेंडला वडखळ नाक्यावर गाड्या अशा अडकतात की सुया पुन्हा हलाव्यात. तारे आता आणखी खाली सरकणार, हे उघड आहे. परवा श्रीवर्धनकडे गेलो होतो. एका वाडीत ओळीने सुपारीची झाडं, मधून पाटाचं पाणी, माणूस म्हणाल तर एक म्हातारे वाडीवाले सुपारी सोलत बसलेले. म्हटलं, "आजोबा, तुमच्याकडे अजून कोणी सिनेमावाले आलेले दिसत नाहीत." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कोणाकडून आलात? आणि किती गुंठे हवेत त्यांना?"