एमएसचे बाबा

पुण्यात कोथरूड-कर्वेनगरच्या बाजूला दर दोन-तीन सोसायट्यांमागे हे गृहस्थ सापडतातच. साठी नुकतीच उलटलेली, राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त, साखर काठावर, काखेत प्लॅस्टिकचं फोल्डर. लिफ्टमध्ये भेटले की न विचारता सांगतात, "आमचं क्वांट पक्कं आहे हो, व्हर्बल जरा मार खातंय." जीआरईची परीक्षा द्यायची असते चिरंजीवांना. अमेरिकेला एमएस करायला जायचं असतं तेही चिरंजीवांना. पण बोलण्यात सगळीकडे 'आम्ही'. आम्ही फॉलला जातोय. आम्ही टेक्सास नको म्हटलं. आमचे दोन एलओआर झाले, तिसरे सर टाळताहेत. असं वर्षभर चाललं की माणसाचं आडनाव सोसायटीत मागे पडतं आणि तो नुसता 'एमएसचे बाबा' म्हणून उरतो.

आमच्या बिल्डिंगमध्ये असे एक आहेत. त्यांचं प्रकरण सुरू झालं एका लग्नाच्या पंगतीत. चिरंजीव तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. शेजारच्या पानावरच्या कुणीतरी मठ्ठ्याचा घोट घेत सहज विचारलं, "मग, जीआरई कधी?" चिरंजीव म्हणाले, "बघू." बाबांना त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानं उघडायच्या आत ते अप्पा बळवंत चौकात हजर. घासाघीस करून त्यांनी एक सेकंडहँड बॅरन्स मिळवलं, घरी येऊन त्याला खाकी कव्हर घातलं, पहिल्या पानावर चिरंजीवांचं नाव वळणदार अक्षरात लिहिलं आणि स्वतःच वाचायला बसले. मागच्या यादीतले साडेतीन हजार शब्द, वर विरुद्धार्थी शब्दांचे सराव संच. निम्म्याच्या पुढे गेल्यावर चिरंजीवांनी पुस्तक उलटून पाहिलं आणि सांगितलं, "बाबा, विरुद्धार्थी शब्द 2011 च्या ऑगस्टमध्येच परीक्षेतून काढले." बाबा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "असू दे. पाठ केलेलं वाया जात नाही."

आणि खरंच जात नाही. घरभर चिठ्ठ्या लागल्या. औषधांच्या डब्यावर 'पॅनेशिया', श्रीखंडाच्या डब्यावर 'एफेमरल', चिरंजीवांच्या खोलीच्या दारावर 'लेथार्जिक'. पोळ्या करायला येणाऱ्या मावशी आता "वहिनी, तो प्यानेशियाचा डबा खाली काढून ठेवू का?" असं विचारतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत बाबांनी अध्यक्षांना तोंडावर 'गॅर्युलस' म्हटलं. अध्यक्षांनी आभार मानले आणि तो उल्लेख इतिवृत्तात घ्यायला लावला.

गणितात बाबांना पाठांतराची गरज नाही. पावकी-निमकी अजून मुखोद्गत आहे. परीक्षेत स्क्रीनवर कॅल्क्युलेटर देतात हे कळलं तेव्हा ते मनातून दुखावले. गुणांची तऱ्हाही त्यांना पसंत नाही. व्हर्बल आणि क्वांट, दोन्ही 130 ते 170 मध्ये मोजायचे. "म्हणजे सगळी उत्तरं चुकली तरी 260? अरे, आमच्या वेळी ग्रेसच्या चार मार्कांसाठी लोक नवस बोलायचे!" पण त्यांचं खरं भांडण आहे ते क्वांटिटेटिव्ह कम्पॅरिझनशी. डावीकडे एक राशी, उजवीकडे एक राशी, मोठी कोणती ते सांगायचं. पर्याय चार, त्यातला चौथा, 'दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही'. हा पर्याय बाबा निवडत नाहीत. "माहिती कमी पडली तर मागवून घ्यायची. उभ्या नोकरीत मी एका फाइलवर 'सांगता येत नाही' असा शेरा मारला नाही." चिरंजीव समजावतात की एक्स ऋण असू शकतो, अपूर्णांक असू शकतो, शून्यसुद्धा असू शकतो. "मग त्याने तसं आधी डिक्लेअर करायला हवं होतं," बाबा म्हणतात.

परीक्षा घेणारी ईटीएस ही संस्था 'पॉवरप्रेप' नावाच्या दोन सराव परीक्षा फुकट देते. एका रविवारी चिरंजीवांनी मोठ्या मुश्किलीने मन घट्ट करून पहिली उघडली, तर खात्यावर निकाल आधीच हजर. क्वांट 163, व्हर्बल 149. क्वांटमध्ये चुकलेले सगळे प्रश्न एकाच जातीचे. चिरंजीव काही बोलले नाहीत. आईने मात्र जेवताना विचारलं, "अहो, परवा रात्री दोन वाजेपर्यंत कॉम्प्युटरवर काय चाललं होतं?" बाबा म्हणाले, "पेन्शनचं लॉगिन होत नव्हतं."

2023 च्या सप्टेंबरपासून ही परीक्षा पावणेचार तासांवरून 1 तास 58 मिनिटांवर आली आणि दोन निबंधांपैकी एक गेला. गेला तो नेमका दुसऱ्याच्या युक्तिवादातल्या चुका काढायचा. बाबांना अजून हळहळ वाटते. घरातले हक्काचे मार्क होते ते.

परीक्षेच्या दिवशी बाबांनी मूळ पासपोर्टबरोबर आधार, पॅन, रेशन कार्ड, डोमिसाइल आणि लाइट बिल, सगळं दोन-दोन प्रतींत नेलं. काउंटरवरच्या मुलीने फक्त पासपोर्ट घेतला. बाबा बाहेर स्कूटरवर टेकून उभे राहिले. पाहतात तो आणखी तीन स्कूटरी आणि त्यांना टेकलेले आणखी तीन बाबा. दोन तासांत चौघांचं कर्जाच्या व्याजदरापासून बफेलोच्या बर्फापर्यंत सगळं बोलून झालं, आणि ऐन रंगात आलं असताना मुलं बाहेर आली. चिरंजीव म्हणाले, "तीनशे एकवीस."

"फोड सांग."

"क्वांट 165, व्हर्बल 156."

"म्हणजे व्हर्बलला माझ्यापेक्षा सात जास्त," बाबा बोलून गेले. चिरंजीवांनी हेल्मेट घातलं.

मग यादी. मुलं विद्यापीठांची विभागणी ॲम्बिशस, मॉडरेट आणि सेफ अशी करतात. बाबांनी आपल्या एक्सेलमध्ये स्टँडर्ड, सब-स्टँडर्ड आणि डाऊटफुल असे रकाने केले, कारण थकीत कर्जांची वर्गवारी त्यांच्या बोटांत बसलेली. पुढे फी, भाडं, थंडी, इंडियन ग्रोसरी किती मैलांवर आणि गणपती कोण बसवतं. टेम्पीचा उन्हाळा अकोल्याला लाजवणारा म्हणून ॲरिझोना स्टेट डाऊटफुलमध्ये गेलं. तिथे मामेबहीण राहते असं आईने सांगितल्यावर स्टँडर्डमध्ये आलं. मामेबहिणीचा स्वभाव आठवल्यावर परत डाऊटफुलमध्ये. स्टोनी ब्रूक बाबांना नावावरूनच आवडलेलं होतं. एवढं झाल्यावर चिरंजीवांनी हळूच सांगितलं की कोविडनंतर बऱ्याच विद्यापीठांनी जीआरई ऐच्छिक केली आहे, काही तर मागतच नाहीत. खोलीत शांतता पसरली. बाबा म्हणाले, "ऐच्छिक म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. आमची व्हीआरएससुद्धा ऐच्छिकच होती."

एसओपीचा, म्हणजे आपण का शिकतोय हे सांगणाऱ्या निबंधाचा, पहिला खर्डा बाबांनी स्वतः केला. सुरुवात "आय बेग टू स्टेट ॲज अंडर" अशी. दुसऱ्या परिच्छेदात आजोबांची प्रामाणिक नोकरी, तिसऱ्यात 'आमच्या कुटुंबाने आजवर एकही हप्ता थकवलेला नाही', आणि शेवटी 'सोबत : सात सहपत्रं'. जे शिकायला जायचं ते डेटा सायन्स कुठेच नव्हतं. शिफारसपत्रांच्या, म्हणजे त्या एलओआरच्या, बाबतीत तिन्ही सर एकाच वळणाचे निघाले. "ड्राफ्ट तूच करून आण, मी बघतो." तेही बाबांकडेच आलं. पहिल्या पत्रात चिरंजीव 'डिलिजंट', दुसऱ्यात 'इंडस्ट्रियस', तिसऱ्यात 'असिड्युअस'. सहा शब्दांतून एकाच अर्थाचे दोन शोधायचा प्रश्न जीआरईत असतो, तो अभ्यास इथे उपयोगी पडला. दारावरची 'लेथार्जिक'ची चिठ्ठी त्या आठवड्यापुरती काढून ठेवली होती.

कर्जाच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर होतो. ज्या माणसाने जन्मभर टेबलाच्या आतल्या बाजूने कर्जं दिली, तो पहिल्यांदाच बाहेरच्या खुर्चीत बसला होता. समोरचा अधिकारी चिरंजीवांच्याच वयाचा. त्याने यादी वाचायला घेतली. आय-20, फ्लॅटचा इंडेक्स टू, सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, सोसायटीचं ना-हरकत. बाबा डोळे मिटून, ओळखीचा राग ऐकावा तसे ऐकत होते.

"काका, साडेसात लाखांच्या वर तारण लागतं."

"लागतंच," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "परदेशासाठी मार्जिन 15 टक्के. परतफेड शिक्षण संपल्यावर वर्षभराने. व्याजावर 80-ईखाली 8 वर्षं वजावट. आणि साहेब, झेरॉक्सवर 'मूळ प्रतीशी पडताळून पाहिले' हा शिक्का मारायचा राहिलाय."

अधिकारी शिक्का शोधायला लागला. टेबलावर नाही, ट्रेमध्ये नाही.

"उजवीकडचा दुसरा ड्रॉवर," बाबा म्हणाले.

तिथेच होता.

व्हिसासाठी मुंबईला, बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. तिची तालीम जेवणाच्या टेबलावर कॅरम बोर्ड उभा करून झाली. बोर्डामागे व्हिसा अधिकारी म्हणून बाबा, पुढे उमेदवार.

"हू इज स्पॉन्सरिंग यू?"

"माय फादर, सर."

"व्हॉट डज ही डू?"

चिरंजीवांनी थोडा विचार केला. "ही इज अप्लाइंग टू युनिव्हर्सिटीज."

व्हिसा नाकारण्यात आला. त्या आठवड्यात तो रोज नाकारण्यात येत होता. अमेरिकन कायद्याच्या 214(बी) कलमाप्रमाणे विद्यार्थी व्हिसा मागणारा माणूस तिकडेच राहणार असं धरून चालायचं असतं. परत येईन हे त्याने पटवून द्यायचं. हे कलम बाबांना फार भावलं. कर्जदाराबद्दल तेही आयुष्यभर हेच धरून चालले होते. "विल यू कम बॅक?" ते बोर्डाआडून दरडावत. "येस सर." "पुरावा?" शेवटी आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, पुरे करा आता. पोळ्या गार होताहेत."

आईने आपल्या बाजूने तजवीज केली होती. तिची बहीण हैदराबादला. तिथून जवळच चिलकूरला बालाजी आहेत, लोक त्यांना 'व्हिसा बालाजी' म्हणतात. मागणं मागताना 11 प्रदक्षिणा, काम झाल्यावर 108. बाबा देवधर्मातले नाहीत, पण हा व्यवहार त्यांना विचार करण्याजोगा वाटला. त्यांनी कागदावर हिशेब केला. एकूण 119, त्यातल्या आधी 11. "सव्वानऊ टक्के मार्जिन! बँकेपेक्षा देव स्वस्त पडतो." आणि मावशीला फोन करून, 108 चा भरणा कोणी आणि कधी करायचा, हे त्यांनी लेखी मागून घेतलं.

व्हिसा मिळाला. ऑगस्टमध्ये चिरंजीव कुकर, मेतकूट आणि पाच किलो जादा सामान घेऊन गेले. बाबा आठवडाभर पहाटे उठून तिकडच्या वेळेप्रमाणे चहा पीत होते. मग दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला बारावीला बरे मार्क पडल्याचं त्यांच्या कानावर आलं. ती कॉमर्सची आहे, तिला सीए व्हायचं आहे आणि तिचे आईवडील तिला धायरीपलीकडे पाठवायला तयार नाहीत. बाबांनी फोल्डरवरचं लेबल बदललं आहे. परवा लिफ्टमध्ये मला म्हणाले, "आम्ही जर्मनीचा विचार करतोय. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही. फक्त एपीएस सर्टिफिकेट आणि ब्लॉक्ड अकाउंट."

पैसे घेऊन ही कामं करणारे सल्लागार शहरात गल्लोगल्ली आहेत. ते यादी देतात, खर्डे देतात, चहाही देतात. पण शिक्का कोणत्या ड्रॉवरमध्ये आहे ते त्यांना ठाऊक नसतं, आणि तुमचा मुलगा झोपलेला असताना त्याच्या वाटचं व्हर्बल ते सोडवत बसत नाहीत. तेव्हा वाचकहो, यंदा तुमच्या घरात कुणाचा फॉल असेल तर आधी तुमच्या सोसायटीतल्या बाबांचा शोध घ्या. फाइल घेऊन सरळ त्यांची बेल वाजवा. मुलगा किंवा मुलगी बरोबर नसली तरी चालतं.