दुकानदाराच्या नावचं ऑफिस

कढीपत्त्याची डहाळी वाकवत होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली.

"ताई, लॅपटॉपात ते ऑफिस टाकायचं असतं, त्याचे वेगळे पैसे पडतात का हो?"

वहिनींची लेक यंदा एफवाय बी.कॉम.ला गेली. लॅपटॉप घेतल्याची बातमी पेढ्यांसकट आधीच पोचली होती. ऑफिसचं मात्र नव्यानं कळत होतं.

"कोण म्हणालं पडतात म्हणून?"

"दुकानातलाच म्हणाला. पाचशे द्या, सगळं फुल लोड करून देतो. दिले बाई. आता ह्यांचा पुण्याचा भाऊ म्हणतो, हे सगळं फुकट मिळतं."

आमच्या गल्लीत 'फुल लोड' म्हटलं की मला नानांचा नातू आठवतो. त्याच्याही लॅपटॉपात कुणीसं असंच पाचशेत भरून दिलं होतं. आधी अँटीव्हायरस बंद करायला लावला आणि मग कुलूपतोडीचं काहीतरी चालवलं. पंधरा दिवसांनी पेनड्राइव्हवरच्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले आणि प्रोजेक्ट गेला तो गेलाच. चोरीचा माल नुसता फुकट असतो असं नाही, तो दारही उघडं ठेवून येतो. एवढं सांगून मी वहिनींना खोका आणायला पिटाळलं.

खोका आला. स्टिकरवर बारीक अक्षरांत होतं, 'ऑफिस होम अँड स्टुडंट 2021'.

"वहिनी, हे लॅपटॉपच्या किमतीतच आलंय की. एकदा घेतलं की घेतलं, वर्षाच्या वर्षाला पैसे भरायचे नाहीत. तुमचे पाचशे कशाचे गेले?"

वहिनींचा चेहरा दळण सांडल्यासारखा झाला. त्यांनी लॅपटॉपच आणून कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. वर्ड उघडलं, फाइलमध्ये जाऊन अकाउंट पाहिलं. हे ऑफिस कुणाचं, ते तिथं लिहिलेलं असतं. तिथं मेल आयडी होता दुकानाचा!

असं ऑफिस पहिल्यांदा सुरू करताना ज्याचा आयडी घालाल, त्याच्या नावावर चढतं. सातबाऱ्यासारखंच म्हणा. उद्या विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली, की ऑफिस मागायला दुकानाच्या पायऱ्या चढा. नवा लॅपटॉप पोरीनं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या आयडीनं उघडायचा, एवढी एकच गोष्ट आधी कळली असती तर!

"मग तो फुकटवाला काय म्हणतो?" वहिनींनी विषय भाऊजींकडे वळवला. "ओपनऑफिस टाका म्हणतो."

भाऊजींची माहिती जरा शिळी. त्या घराण्यात केव्हाच वाटणी झाली. मूळ घर जर्मनीतलं, स्टारऑफिस. 1999 मध्ये सन कंपनीनं ते विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी सोर्स कोड सगळ्यांना खुला केला, तेच ओपनऑफिस. 2010 मध्ये सनलाच ओरॅकलनं घेतलं. नव्या मालकाशी पटेना, म्हणून घरात राबणारी बरीच मंडळी त्याच सप्टेंबरात वेगळी झाली आणि त्यांनी चूल मांडली ती लिब्रेऑफिसची. जुनं घर ओरॅकलनं 2011 मध्ये अपाचेच्या हवाली केलं. पाटी अजून आहे, पण घरात वावर फारसा नाही. फुकटचं घ्यायचं तर लिब्रेच घ्यावं.

"आणि वहिनी, तुम्ही एमएस-सीआयटी केलंत तेव्हा वर्ड 2003 होतं ना? लिब्रेचे मेन्यू तुम्हाला तसेच वाटतील. पोरीला शिकवाल तुम्ही."

वहिनी खुलल्या. मग मला खोडाही सांगावा लागला. घरी दहा पानांचा दिसणारा अहवाल कॉलेजच्या कॉम्प्युटरवर अकरा पानांचा होतो आणि तक्ता मधोमध तुटतो. दोष बऱ्याचदा फाँटचा असतो. कॅलिब्री हा मायक्रोसॉफ्टचा फाँट, तो लिब्रेसोबत येत नाही. त्याच्या मापाचा कार्लिटो येतो, म्हणून अंगरखा बराचसा बसतो. बाकीच्या फाँटांना असा जुळा असेलच असं नाही. म्हणून नुसतं वाचायला द्यायचं ते पीडीएफ करून द्यावं. मराठीसाठी लिब्रेच्या सेटिंगमध्ये देवनागरीचा फाँट वेगळ्या रकान्यात ठरवावा लागतो. तो रकाना सापडेपर्यंत मी त्या सॉफ्टवेअरला मनातल्या मनात बरंच काही बोलले होते.

"पण सर एक्सेलमध्येच मागतात म्हणे."

खरी ग्यानबाची मेख इथं होती. घरी काय वापरायचं ते आपण ठरवतो असं वाटतं, पण ठरवतो तो आपली फाइल उघडणारा. साधी बेरीज, सरासरी, पिव्होट टेबल लिब्रेत होतं. मॅक्रो घातलेली एक्सेलची फाइल मात्र तिथं धड चालेलच याची खात्री नाही. कॉमर्सच्या पोरीला खरं एक्सेल हाताशी हवंच.

"कॉलेजनं मेल आयडी दिलाय का तिला? पुष्कळ कॉलेजांच्या आयडीवर ब्राउझरमधलं वर्ड-एक्सेल मिळतं विद्यार्थ्यांना."

"दिलाय. पासवर्ड विसरलीय."

"आणि गूगल डॉक्स?"

"त्यात जागा नाही म्हणतो. पंधरा जीबी भरले."

भरणारच! फोटो, मेल आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप, सगळं त्याच पंधरात. वहिनींच्या फोनवर रोज सकाळी येणारी कमळं मीही बघते. लेकीच्या फोनचा आयडीही यांचाच, हे तेव्हा कळलं.

शेवटी ठरलं ते असं: आधी पोरीनं कॉलेजात जाऊन पासवर्ड नवा करून घ्यायचा, घरी लिब्रे टाकून ठेवायचं, आणि दुकानदाराकडे जाऊन आपल्या ऑफिसचा हिशेब मागायचा. तिसऱ्या कामावर यजमानांना धाडण्यात आलं.

संध्याकाळी वहिनी पुन्हा कुंपणाशी आल्या. आवाज अगदी खाली.

"ताई, तो म्हणतो, काळजी कशाला करता, मी सगळ्यांचंच माझ्या आयडीवर टाकतो!"

"सगळ्यांचं?"

"म्हणजे जूनमध्ये कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंच्या मुलानं घेतला, तो पण तिथूनच ना?"

मी काही बोलायच्या आत वहिनी पदर खोचून पलीकडच्या कुंपणाकडे निघाल्या होत्या.