शिल्लक

आमचे नाना सरकारी कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खात्यावर 300 दिवसांची अर्जित रजा जशीच्या तशी पडून होती. तीनशेच्या वर एका दिवसाचेही पैसे मिळत नाहीत, एवढीच काय ती त्यांची सरकारवर तक्रार.

साबणाची चिपटी नव्या वडीला कोणीही चिकटवतो. नाना त्याच्या पुढचे. सिग्नलला स्प्लेंडर बंद, उतारावर न्यूट्रल, आणि पेट्रोल भरलं रे भरलं की खिशातून वही बाहेर: तारीख, किलोमीटर, लिटर. कोणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारणार, "अ‍ॅव्हरेज किती देते?"

2023 च्या गणपतीत ते आमच्याकडे आले आणि चिरंजीवांनी त्यांच्या हातात 'एफ-झिरो 99' हा शर्यतीचा व्हिडिओ गेम दिला. निन्टेंडोनं तो पाचच दिवसांपूर्वी, 14 सप्टेंबरला काढला होता. वर्गणीदारांना फुकट.

"वर्गणी भरून फुकट?" नाना म्हणाले. "म्हणजे प्रसाद."

मूळ खेळ 1990 चा, पण त्यातलं साल 2560. गाड्यांना चाकंच नाहीत; रस्त्यापासून वीतभर वर तरंगत चारशेच्या पुढे पळतात. आणि या नव्या अवतारात एका शर्यतीत 99 जण, जगभरातून. सुटल्याबरोबर अशी रेटारेटी, की विसर्जनाची मिरवणूक शिस्तीची वाटावी. गोल फिरून शेजाऱ्याला टक्कर मारायला वेगळं बटण आहे. प्रत्येक फेरीला मागे राहिलेले बाद.

गाड्या तेव्हा चार. चिरंजीव सांगायला लागले, "आजोबा, गोल्डन फॉक्स लगेच वेग घेते, फायर स्टिंगरे..."

"यातली दणकट कोणती?"

"वाइल्ड गूज. ती हिरवी."

"तीच दे. पत्रा चांगला हवा."

या खेळातली खरी गंमत नानांना पहिल्याच दिवशी कळली, आणि तिथेच घोटाळा झाला. वर एक पट्टी असते. धक्का लागला की ती कमी होते, संपली की गाडीचा स्फोट. आणि जोरात पळायचं, म्हणजे बूस्ट मारायचा, तर तोही याच पट्टीतून. आयुष्य आणि पेट्रोल एकाच टाकीत! ज्यानं कोणी हे रचलं त्याला मी मानतो. पण नानांपुढे ती टाकी ठेवणं म्हणजे त्यांना पासबुक दाखवण्यासारखं होतं.

नाना बूस्ट मारीनात. टकरीत उधळलेल्या पिवळ्या ठिणग्या वेचून साठवल्या की वरच्या उडत्या रस्त्यानं सगळ्यांच्या डोक्यावरून जाता येतं. नानांनी ठिणग्या भक्तिभावानं साठवल्या.

"आजोबा, भरलं! बटण दाबा!"

"असू दे. पुढे लागेल."

कडेला ठिकठिकाणी चार्जिंगचे पट्टे असतात, त्यांवरून गेलं की पट्टी भरते. पैसे पडत नाहीत म्हटल्यावर नानांनी गाडी चक्क तिथेच उभी केली. मागून येणारे येऊन आदळत होते. कमी झालेलं पुन्हा भरत होतं. नानांच्या चेहऱ्यावर व्याज सुरू झाल्याचं समाधान.

तिसऱ्या फेरीआधीच बाद. क्रमांक 71, पट्टी काठोकाठ.

"हे उरलेलं पुढच्या शर्यतीत जमा होतं ना?" नानांनी विचारलं.

"नाही, आजोबा. दर वेळी नवीन मिळतं."

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "2560 सालीसुद्धा कॅरी फॉरवर्ड नाही?"

एकदा चिरंजीवांनी त्यांच्या अंगठ्यावर अंगठा ठेवून सलग तीन बूस्ट मारले. साठाव्या नंबरावरून नाना विसाव्यावर आले, पट्टी लाल झाली, आणि वळणावर भिंतीला घासून गाडीच्या चिंधड्या उडाल्या. त्यानंतर दोन दिवस, येईल त्या पाहुण्याला आरतीआधी ही हकिगत. गाडी आपली होती आणि उधळपट्टी नातवाची, हे त्यात न चुकता यायचं.

अनंत चतुर्दशीला निघायच्या आधी नाना शेवटची शर्यत खेळायला बसले. आदल्या शर्यतीचा हिशोब वहीत उतरवायचा राहिला होता: तारीख, क्रमांक, शिल्लक. चष्मा लावून ते लिहू लागले, तोवर पडद्यावर आकडे उलटे मोजून संपलेसुद्धा. अठ्ठ्याण्णव गाड्या सूं करून निघून गेल्या. हिरवी गाडी जागच्या जागी.

"आजोबा! सुरू झालं!"

"होऊ दे," पेनाचं टोपण लावत नाना म्हणाले. "उभ्या गाडीला काही लागत नाही."